श्याओ च्येन : सात दिवसांचे स्वातंत्र्य आणि बावीस वर्षांचे मौन

१/ १ जून १९५७. चिनी साम्यवादी पक्षाच्या 'पीपल्स डेली' या मुखपत्रात ४७ वर्षांच्या एका लेखकाचा लेख प्रसिद्ध झाला. लोकांना निर्धास्तपणे बोलू द्यावे, न पटणारे मतही सहन करावे, असे त्याचे साधे प्रतिपादन होते. बरोबर सात दिवसांनी, ८ जूनला, त्याच दैनिकाच्या अग्रलेखाने टीकाकारांविरुद्ध मोहीम पुकारली. त्यानंतर सुमारे बावीस वर्षे या लेखकाला स्वतःच्या नावाने स्वतंत्र लेखन करण्याची मुभा जवळजवळ उरली नाही. त्याचे नाव श्याओ च्येन. मित्रहो, आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

२/ आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. मात्र विसाव्या शतकातील चीन आणि युरोप यांना जोडणारी जी मोजकी माणसे होती, त्यांत श्याओ च्येन यांचे स्थान वरचे आहे. लंडनवरील बाँबवर्षाव त्यांनी चिनी वाचकांना दाखवला, जॉर्ज ऑर्वेल यांच्या निमंत्रणावरून भारतीय श्रोत्यांसाठी भाषणे दिली, अमेरिकी सैन्याबरोबर ऱ्हाइन नदी ओलांडली आणि ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर जेम्स जॉइस यांची 'युलिसिस' चिनी भाषेत आणली.

३/ आता मुळापासून. श्याओ च्येन यांचा जन्म २७ जानेवारी १९१० रोजी बीजिंगमध्ये, चिनी रीतिरिवाज स्वीकारलेल्या एका गरीब मंगोल कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच वडील वारले होते. आई परक्यांच्या घरी घरकाम करून मुलाला वाढवत होती. तीही त्यांच्या बालपणीच गेली. त्यानंतर आश्रय मिळाला तो नातेवाइकांचा, आणि आश्रिताच्या वाट्याला येणारी अवहेलनाही त्यासोबत आलीच.

४/ शिक्षणासाठी त्यांना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेत घालण्यात आले. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम, अशी तेथील व्यवस्था होती. श्याओ यांनी गालिचे विणले, शेळ्या राखल्या, दूध पोहोचवले. इंग्रजीचे पहिले धडे त्यांना एका चुलत भावाच्या अमेरिकी पत्नीकडून मिळाले. शाळेतल्या सक्तीच्या प्रार्थनांविषयी त्यांच्या मनात जी अढी बसली, ती पुढे त्यांच्या अनेक कथांमधून उतरली.

५/ तो काळ सरदार-सेनापतींच्या यादवीचा होता. १९२६ मध्ये साम्यवादी युवक संघाशी संबंध आल्यामुळे विद्यार्थिदशेतच त्यांना अटक झाली. पुढे शाळेतूनही बाहेर पडावे लागले. १९२८ मध्ये ते दक्षिणेकडील शांतौ बंदरात शिक्षक म्हणून गेले. तेथील बोली बीजिंगच्या माणसाला अजिबात कळत नसे. स्वतःच्याच देशात परका ठरण्याचा हा अनुभव आणि तेथील विफल प्रेम यांतून त्यांची एकमेव कादंबरी साकारली. 'स्वप्नांची दरी' असे तिच्या नावाचे भाषांतर करता येईल.

६/ बीजिंगला परतल्यावर ते आधी फूरेन आणि मग येनचिंग या विद्यापीठांत शिकले. येनचिंगच्या वृत्तपत्रविद्या विभागात त्यांना एडगर स्नो हे अमेरिकी पत्रकार शिकवत असत. माओंच्या मुलाखतीवर आधारलेल्या पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले स्नो ते हेच. आधुनिक चिनी कथांचा जो इंग्रजी संग्रह स्नो यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या भाषांतरात श्याओ आणि त्यांची मैत्रीण यांग गांग यांचा मोठा वाटा होता. यांग गांग हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

७/ साहित्यातील त्यांचे गुरू होते कथाकार शेन त्सोंगवेन. 'दा गोंग बाओ' या प्रतिष्ठित दैनिकाची साहित्य पुरवणी शेन पाहत असत. १९३३ मध्ये त्या पुरवणीत श्याओ यांची 'रेशीमकिडे' ही कथा आली. ती वाचून कवयित्री आणि वास्तुविशारद लिन ह्वेईयिन यांनी या होतकरू विद्यार्थ्याला आपल्या घरी चहाला बोलावले. शेळ्या राखणारा पोरका मुलगा बीजिंगच्या साहित्यवर्तुळात दाखल झाला तो असा.

८/ येथे त्या दैनिकाविषयी थोडे. 'दा गोंग बाओ'ची स्थापना १९०२ मध्ये त्यानचिन येथे झाली. १९२६ पासून नव्या चालकांनी पत्रासाठी चार तत्त्वे घालून घेतली : कोणत्याही पक्षाचे होणार नाही, विकले जाणार नाही, खासगी स्वार्थासाठी पत्र वापरणार नाही आणि आंधळेपणाने कोणाच्या मागे जाणार नाही. या तत्त्वांचे पालन प्रत्येक वेळी तंतोतंत झाले, असे नव्हे. तरीही पक्षीय वृत्तपत्रांच्या गर्दीत या दैनिकाला जो मान होता, तो त्यांच्यामुळेच. १९३५ मध्ये पदवी मिळताच श्याओ येथे रुजू झाले.

९/ त्यांच्याकडे एक हलकीफुलकी, मनोरंजनाची पुरवणी सोपवली गेली. थोड्याच अवधीत त्यांनी तिला नव्या साहित्याचे व्यासपीठ बनवले. पण केवळ टेबलावर बसून संपादन करणे त्यांना रुचणारे नव्हते. त्याच वर्षी पीत नदीने बांध फोडले आणि पश्चिम शांतुंग जलमय झाला. श्याओ चित्रकार चाओ वांगयुन यांना सोबत घेऊन पूरग्रस्त भागात गेले. एकाने रेखाटने केली, दुसऱ्याने शब्द लिहिले.

१०/ बातमीदार म्हणून त्यांची पद्धत येथेच घडली. बुडालेल्या एकरांचे आणि बेघरांचे आकडे सरकारी पत्रकातही असतात. श्याओ यांची नजर फलाटावर दाटलेल्या एकेका कुटुंबावर खिळे : कोणी काय वाचवून आणले, मुलाच्या हातात काय आहे, अन्नवाटपाच्या वेळी रांगेत काय घडते. कथाकाराची दृष्टी आणि बातमीदाराची शिस्त यांचा हा संयोग होता. चिनी साहित्यात या प्रकारच्या वृत्तांतलेखनाला पुढे जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्या पायाभरणीत त्यांचे नाव घेतले जाते.

११/ १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. दैनिकाला आवृत्त्या बंद कराव्या लागल्या, कर्मचारी कमी झाले आणि श्याओ यांची नोकरी गेली. वूहान, कुनमिंग अशी भटकंती करत ते १९३८ मध्ये हाँगकाँगला पोहोचले. तेथे दैनिकाची नवी आवृत्ती सुरू होत होती. साहित्य पुरवणी पुन्हा त्यांच्याकडे आली. युद्धकाळात त्या पुरवणीत येनानसारख्या दूरच्या भागांतून आलेले लेखनही छापले जाई.

१२/ १९३९ मध्ये ते ब्रह्मदेश मार्गावर गेले. कुनमिंगपासून ब्रह्मदेशातील लाशिओपर्यंतचा सुमारे १,१५० किलोमीटरचा हा रस्ता म्हणजे वेढल्या गेलेल्या चीनचा श्वास होता. बंदरे जपानच्या ताब्यात गेल्यावर शस्त्रे आणि औषधे येथूनच येत. चीनच्या हद्दीतील भाग बांधला तो बहुतांशी स्थानिक गावकऱ्यांनी : म्हातारे, बायका, मुले. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. कुदळ, टोपली आणि माणसांनी ओढायचे दगडी रूळ एवढीच साधने.

१३/ या रस्त्याची प्रशंसा जगभरची वृत्तपत्रे अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून करत होती. श्याओ यांनी लिहिले ते कड्यावरून कोसळलेल्या, सुरुंगात सापडलेल्या, हिवतापाने मेलेल्या मजुरांविषयी. रस्ता रक्तमांसाने बांधला गेला, हे त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच होते. युद्धकाळात देशाचे मनोबल टिकवण्यासाठी लिहायचे आणि तरीही ज्यांनी किंमत मोजली त्यांना विसरायचे नाही, हा तोल त्यांनी येथे सांभाळला.

१४/ त्याच वर्षी लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेकडून चिनी शिकवण्याचे निमंत्रण आले. दैनिकाने त्यांना आपला वार्ताहर म्हणूनही नेमले. हाँगकाँगची पुरवणी यांग गांग यांच्या हाती देऊन ते निघाले, आणि त्याच सुमारास युरोपात महायुद्धाला तोंड फुटले. इंग्लंडमध्ये उतरल्यावर सरकारदरबारी त्यांची नोंद झाली ती 'शत्रुपक्षीय परका' अशी. जपानशी एकट्याने लढणारा चीन तेव्हा ब्रिटनचा मित्र नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर घडले आणि तेच श्याओ एका रात्रीत 'थोर मित्रराष्ट्राचे नागरिक' झाले.

१५/ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्र बाँब पडू लागले. शत्रूची विमाने खाली उतरू नयेत म्हणून शहराच्या आकाशात जे प्रचंड फुगे सोडले होते, त्यांना श्याओ यांनी 'रुपेरी पतंग' म्हटले. पतंग हा मूळचा चिनी खेळ. त्या एका शब्दाने हजारो मैल दूरच्या वाचकाला लंडनचे आकाश दिसले. चुंगकिंगमध्ये स्वतः हवाई हल्ले सोसणाऱ्या चिनी वाचकांना आपल्यासारखेच हाल सोसणारे दुसरे एक शहर या वृत्तांतांतून भेटले.

१६/ आता आपल्याशी जोडलेला धागा. १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठीच्या कार्यक्रमांचे निर्माते होते. याच विभागात मूळच्या कोल्हापूर परिसरातील वेणू चितळे ऑर्वेल यांना साहाय्य करत. त्या इंग्रजीबरोबर मराठीतूनही प्रक्षेपण करत. पुढे स्वातंत्र्यचळवळीच्या पार्श्वभूमीवर त्यांनी इंग्रजीत 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी लिहिली. याच ऑर्वेल यांनी १९४२ मध्ये श्याओ च्येन यांना भारतीय श्रोत्यांसमोर बोलण्यासाठी निमंत्रण दिले.

१७/ जपानव्याप्त चीनमध्ये प्रत्यक्षात काय चालले आहे आणि नवे चिनी साहित्य कसे आहे, हे श्याओ यांनी त्या भाषणांतून सांगितले. जपान तेव्हा आशियाचा मुक्तिदाता असल्याचा प्रचार करत होता आणि जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या. म्हणून या भाषणांना राजकीय महत्त्वही होते. श्याओ यांचे आधुनिक चिनी साहित्यावरील छोटे इंग्रजी पुस्तक वाचून ऑर्वेल यांनी त्यांना कळवले की, या साहित्याविषयी आपण किती अनभिज्ञ होतो, हे आता ध्यानात आले.

१८/ इंग्लंडमधील त्यांचा सर्वांत जवळचा स्नेह ई. एम. फॉर्स्टर यांच्याशी जुळला. 'अ पॅसेज टू इंडिया'मुळे फॉर्स्टर आपल्याला परिचित आहेतच. दोघांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. १९४२ ते १९४४ या काळात श्याओ केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये इंग्रजी मानसशास्त्रीय कादंबरीवर संशोधन करत होते. फॉर्स्टर आणि व्हर्जिनिया वूल्फ हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. याच इंग्लंडमध्ये त्यांनी 'युलिसिस'शी पहिली झुंज घेतली.

१९/ पदवी हाताशी आली असताना दैनिकाचे चालक हू चेंगची इंग्लंडला आले. महायुद्धाचा निर्णायक काळ आहे आणि प्रबंध लिहीत काय बसलात, असा त्यांचा सूर होता. १९४४ मध्ये श्याओ यांनी पदवी सोडली, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर दैनिकाचे कार्यालय मांडले आणि ते पूर्णवेळ युद्धवार्ताहर झाले. पश्चिम युरोपच्या आघाडीवर चिनी वार्ताहर अगदी मोजके होते. श्याओ त्यांपैकी एक.

२०/ १९४५ च्या वसंतात अमेरिकेच्या सातव्या सैन्याबरोबर त्यांनी ऱ्हाइन ओलांडली. तेथून सॅन फ्रान्सिस्को, जेथे संयुक्त राष्ट्रसंघाचा जन्म होत होता. मग पुन्हा पराभूत जर्मनी, पॉट्सडॅम आणि न्यूरेंबर्ग. दक्षिण जर्मनीतील शरद ऋतूवर त्यांनी लिहिलेले वृत्तांत आजही चिनी पत्रकारितेत आदर्श मानले जातात. विजयाचा जल्लोष त्यांत कमी आहे. उद्ध्वस्त शहरे आणि पराभूत माणसांचे निरीक्षण अधिक आहे.

२१/ १९४६ मध्ये ते सात वर्षांनी मायदेशी परतले. शांघायमध्ये दैनिकासाठी अग्रलेख लिहायचे आणि फुदान विद्यापीठात शिकवायचे, असा दिनक्रम सुरू झाला. देश मात्र यादवीत सापडला होता. क्वोमिन्तांग आणि साम्यवादी यांच्यामध्ये एखादा तिसरा मार्ग असावा, असे म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांची जागा दिवसेंदिवस आक्रसत होती.

२२/ मे १९४७ मध्ये एका अग्रलेखात त्यांनी लेखकांचे जाहीर वाढदिवस साजरे करण्याच्या आणि हयात लेखकांना आदरार्थी पदव्या चिकटवण्याच्या प्रथेवर टीका केली. बाण कोणाला लागला, हे सर्वांना कळले. डाव्या गोटातील बडे साहित्यिक ग्वो मोरुओ यांनी १९४८ मध्ये 'प्रतिगामी' साहित्यिकांवर हल्ला चढवणारा लेख लिहिला आणि प्रत्येकाला एकेक रंग दिला. शेन त्सोंगवेन गुलाबी, श्याओ च्येन काळे. हा 'काळा' शिक्का पुढे तीन दशके पुसला गेला नाही.

२३/ १९४८ मध्ये श्याओ पुन्हा हाँगकाँगला गेले. १९४९ मध्ये साम्यवाद्यांचा विजय निश्चित दिसत असताना केंब्रिजचे चिनी भाषेचे प्राध्यापक गुस्ताव हालून त्यांच्या भेटीस आले. आधुनिक चिनी साहित्य शिकवण्याची नोकरी, कुटुंबाच्या प्रवासाची सोय, सगळे तयार होते. हालून स्वतः मध्य युरोपातून विस्थापित झालेले. नव्या राजवटीत काय होऊ शकते, याचा इशाराही त्यांनी दिला. श्याओ यांनी नकार दिला.

२४/ या नकारामागे लहानपणीची एक आठवण होती. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेले 'पांढरे' रशियन बीजिंगच्या रस्त्यांवर भीक मागत फिरत. त्यांपैकी एकाचे बेवारस प्रेत त्यांनी पाहिले होते. परक्या देशात, ज्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही असे मरण. आपले असे होऊ नये, आपल्या मुलांचे असे होऊ नये, हा विचार केंब्रिजच्या सुरक्षिततेहून बलवत्तर ठरला. १९४९ मध्येच ते बीजिंगला परतले.

२५/ नव्या राजवटीत त्यांना परदेशी वाचकांसाठीच्या 'पीपल्स चायना' या इंग्रजी नियतकालिकात काम मिळाले. हूनान प्रांतातील जमीनसुधारणेवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. भूमिहीनांना जमीन मिळाली, हे खरे होते. त्याच मोहिमेत देशभर मोठ्या संख्येने माणसे मारली गेली, हेही खरे होते. ब्रह्मदेश मार्गावर मजुरांची प्रेते मोजणारा वार्ताहर आता सरकारी नियतकालिकासाठी, परदेशात देशाची बाजू मांडण्यासाठी लिहीत होता. लेखणी तीच होती, पण बातमीदाराची मोकळीक गेली होती.

२६/ याच काळात एक मैत्रीही तुटली. १९५४ मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर फॉर्स्टर यांनी आपल्या मित्राहाती श्याओ यांच्यासाठी पत्र आणि पुस्तक पाठवले. परदेशी संबंध हाच संशयाचा विषय असलेल्या त्या दिवसांत श्याओ यांना त्या स्नेहाला मोकळेपणी प्रतिसाद देता आला नाही. फॉर्स्टर दुखावले गेले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. खुलासा करण्याची संधी श्याओ यांना कधीच मिळाली नाही. त्याच १९५४ मध्ये त्यांनी संपादक आणि अनुवादक वेन च्येरुओ यांच्याशी विवाह केला. श्याओ यांचा हा चौथा विवाह, आणि आयुष्यभर टिकलेला.

२७/ १९५६ मध्ये वारा बदलला. 'शंभर फुले फुलू द्या' अशी घोषणा झाली. श्याओ यांना साहित्यविषयक मुख्य नियतकालिकाचे उपसंपादकपद देण्यात आले. बुद्धिवंतांनी मोकळेपणी टीका करावी, असे पक्षच सांगू लागला. बराच काळ ते संकोचले आणि अखेर १ जून १९५७ चा तो लेख लिहिला. दुसऱ्याचे मत अमान्य असले तरी ते मांडण्याच्या त्याच्या हक्कासाठी प्राणपणाने लढण्याची जी वृत्ती युरोपात प्रशंसली जाते, तिचा त्यात उल्लेख होता. समाजवादी देशाने याबाबत मागे का राहावे, असा त्यांचा प्रश्न होता.

२८/ उत्तर ८ जूनला मिळाले. 'उजव्यां'विरुद्धच्या मोहिमेत सुमारे साडेपाच लाख लोकांवर शिक्का बसला, हा पुढे खुद्द पक्षाच्या फेरतपासणीतून निघालेला आकडा. श्याओ त्यांपैकी एक. जुना 'काळा' शिक्का, परदेशी मित्र, केंब्रिज, अमेरिकी सैन्य, सारे आयुष्य पुरावा म्हणून त्यांच्यासमोर मांडण्यात आले. आणि यांग गांग? त्या पक्षनिष्ठ होत्या, 'पीपल्स डेली'च्या उपसंपादकपदापर्यंत पोहोचल्या होत्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

२९/ १९५८ मध्ये श्याओ यांची तांगशानजवळच्या शेतीकेंद्रावर मजुरीसाठी रवानगी झाली. पुढची तीन वर्षे म्हणजे चीनमधील महादुष्काळाची वर्षे. पतीशी संबंध तोडावेत, असे दडपण अशा मोहिमांत पत्नीवर येतच असे. वेन च्येरुओ यांनी घटस्फोट घेतला नाही. मुले, नोकरी आणि घर त्यांनी एकटीने सांभाळले. १९६१ मध्ये श्याओ परतले ते प्रकाशनसंस्थेतील अनुवादक म्हणून. स्वतःचे लिहायचे नसेल तर दुसऱ्याचे आणायचे, या न्यायाने त्यांनी हेन्री फील्डिंग यांची 'टॉम जोन्स' हाती घेतली. ती वाचकांपर्यंत पोहोचली १९८० च्या दशकात.

३०/ १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. रेड गार्ड्सनी घर लुटले. हस्तलिखिते, पुस्तके, युरोपातील टिपणे आणि फॉर्स्टर यांची पत्रे नष्ट झाली. छळाला कंटाळून त्यांच्या सासूबाईंनी जीवन संपवले. श्याओ यांनीही तसाच प्रयत्न केला. उपचारांमुळे ते वाचले. १९६९ मध्ये दोघा पतिपत्नींना हूपेई प्रांतातील श्येननिंग येथील श्रमशिबिरात पाठवण्यात आले. १९७३ मध्ये परतल्यावर श्याओ यांना राहायला मिळाली ती वाट बंद करून केलेली सुमारे आठ चौरस मीटरची खोली. तेथे बसून त्यांनी इतर अनुवादकांबरोबर अमेरिकी कादंबऱ्या भाषांतरित केल्या. पुस्तकावर नाव नसे.

३१/ फेब्रुवारी १९७९ मध्ये १९५७ चा निर्णय चुकीचा होता, असे अधिकृतपणे मान्य झाले. त्याच वर्षी ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले. १९४९ नंतर मुख्यभूमीवरून तेथे पोहोचलेल्या पहिल्या लेखकांपैकी ते एक. वय ६९. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्यांनी आठवणी, निबंध आणि आत्मचरित्र लिहिले. आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ 'नकाशा न घेतलेला प्रवासी'. यांत स्वतःला हुतात्मा म्हणून मिरवण्याचा सोस नाही; भीतीपोटी आपण काय काय केले आणि काय करायचे टाळले, हेही त्यांत आहे.

३२/ १९९० मध्ये नानचिंगच्या एका प्रकाशकाने विचारले : 'युलिसिस'चा अनुवाद कराल का? श्याओ ऐंशीचे, वेन च्येरुओ साठी ओलांडलेल्या. वेन यांनी पहिला खर्डा करायचा, श्याओ यांनी प्रत्येक वाक्य घासूनपुसून घ्यायचे, अशी वाटणी ठरली. पहाटेपासून काम चाले. हजारो टिपांसह तो अनुवाद १९९४ मध्ये पूर्ण झाला आणि दुकानांत हातोहात खपला. याच काळात चिन ती या अनुवादकाचाही 'युलिसिस' प्रसिद्ध होत होता. दोन्ही अनुवादांच्या तुलनेवर चीनमध्ये जोरदार वाद झडले. पुस्तकाच्या भाषांतरावर उघडपणे भांडता येणे, हीदेखील त्या देशात नवलाईच होती.

३३/ ११ फेब्रुवारी १९९९ रोजी बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात त्यांनी स्वतःसाठी एक नियम सांगितला होता. त्यांचे मित्र, कादंबरीकार पा चिन, सत्यच बोलण्याचा आग्रह धरत. श्याओ यांची भूमिका किंचित वेगळी होती : सत्य शक्य तेवढे बोलावे, असत्य मात्र मुळीच बोलू नये. 'शक्य तेवढे' या दोन शब्दांत काहींना पळवाट दिसली. पण सत्य बोलण्याची किंमत ज्याने बावीस वर्षे मोजली, त्याला प्रत्येकाकडून धैर्याची मागणी करणे सोपे वाटत नव्हते. गप्प राहण्याची मुभा त्यांनी माणसाला दिली. खोट्याला होकार देण्याची दिली नाही.

३४/ हालून यांच्यासोबत ते केंब्रिजला गेले असते, तर सुखात प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असते, असा तर्क आपण आज सहज करू शकतो. १९४९ मध्ये त्यांच्या हाती हे ज्ञान नव्हते. त्यांच्यासमोर होता युद्धातून बाहेर पडलेला स्वतःचा देश आणि रस्त्यावर मरून पडलेला एक परागंदा रशियन. इतिहासातील माणसांचे निर्णय तपासताना, त्यांना त्या दिवशी काय दिसत होते हे आधी विचारावे. आणि निर्णयाची किंमत कोणी कोणी मोजली, हेही : येथे ती वेन च्येरुओ यांनी, त्यांच्या आईने आणि मुलांनीही मोजली.

३५/ फॉर्स्टर यांची पत्रे जळाली, युरोपातील टिपणे गेली. उरले ते छापले गेलेले वृत्तांत : पूरग्रस्तांचा फलाट, ब्रह्मदेश मार्गावरचे मजूर, लंडनचे रुपेरी पतंग. वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे मानतात. श्याओ च्येन यांच्या बाबतीत घरातल्या कपाटापेक्षा वर्तमानपत्रच अधिक टिकाऊ ठरले. त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत उपलब्ध आहे. ज्यांना विसाव्या शतकातील चीन एका माणसाच्या नजरेतून पाहायचा असेल, त्यांनी ते अवश्य वाचावे. थ्रेड येथे समाप्त. शंका आणि भर खाली जरूर लिहा.